कुंभार्ली घाटांतील धूर

कऱ्हाडाहून चिपळुणास उतरणाऱ्या कुंभार्ली घाटाचीं वर्णनें आजवर पुष्कळांनीं केलीं आहेत. पण तीं बहुधा वर पाहून किंवा दूर पाहून केलेलीं. दाट रान, श्रावणांतले शुभ्र ओघ, माकडांचे तांडे, धुक्याचा पडदा सरतांच एकदम उघडणारी पोफळीकडची दरी, हें सर्व खरेंच आहे. प्रस्तुत लेखकास मात्र या घाटाचें दर्शन गाडीच्या चाकापाशीं ओणवें होऊन घडलें; तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचें बिऱ्हाड कऱ्हाडास, कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. त्यामुळें वर्षांतून एकदां तरी घरांतील सर्व मंडळी गाडींत घालून पाटण, कोयनानगर, हेळवाक या वाटेनें आम्ही खालीं उतरतों. गाडी ज्येष्ठ बंधूंनीं २००७ सालीं घेतलेली, जीपच्या बांध्याची, आठ माणसें बसतील अशी. हल्लींचे लोक तिला एसयूव्ही म्हणतात. बंधु निवर्तले त्यास आतां बरींच वर्षें झालीं. गाडी चालवतो त्यांचा मुलगा, देखरेख मात्र माझी. शाळेंतून निवृत्त झालेल्या मनुष्यास घरांत कोणतें तरी खातें लागतें, तें मीं हें पत्करलें.

२०२३ सालच्या वैशाखांतील गोष्ट. मधल्या आसनावर मातुःश्री, वय वर्षें सत्त्याऐंशी, व त्यांच्या दोहों बाजूंस वहिनी आणि आमचें कुटुंब. मागें सूनबाई व दोन नातवंडें. पुढें पुतण्या आणि मी. निम्मा उतार संपला असेल नसेल, तों पुतण्या हलक्या आवाजांत म्हणाला, “काका, पेडल खालीं जातंय.” त्यानें गाडी पहिल्या गिअरवर आणली आणि हातब्रेक थोडथोडा ओढीत एका वळणावरील चहाच्या टपरीपाशीं, डोंगराच्या अंगास, ती उभी केली. मागच्या मंडळींस कांहीं कळलें नाहीं. मातुःश्रींनीं मात्र जप थांबवून विचारलें, “काय झालं रे?”

खालीं उतरून पाहतों तों पुढच्या डाव्या चाकांतून निळसर धूर निघत आहे व करपल्याचा उग्र दर्प सुटला आहे. टपरीवाला बिचारा पाण्याची बादली घेऊन धांवला. पुतण्यानें त्यास अडवलें. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी ओतलें तर ती वांकडी होते, प्रसंगीं तडकतेही. तिला आपली आपण निवूं द्यावें हेंच बरें.

लहानपणीं शास्त्रीबुवांपाशीं मीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकलों. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, स्वयंपाकघरांत असतो तसा, हें अनुमानाचें उदाहरण घोकून घोकून पाठ झालेलें. आयुष्यांत पर्वतावर धूर प्रत्यक्ष पाहण्याची वेळ आली ती ही, आणि नेमकें तेव्हांच अनुमान धड होईना.

तासाभरानें चाक निवलें, पेडल आपोआप जागेवर आलें. आम्ही जीव मुठींत धरून चिपळूण गांठलें. तेथील एका कारागिरानें मास्टर सिलिंडर गेला असें निदान केलें व तो बदलून दिला. परत येतांना चढ. चढावर ब्रेकाचें काम काय? पावसाळाभर गाडी गांवांतल्या गांवांत फिरली, कांहीं तक्रार नाहीं. कार्तिकांत एका लग्नास जावयाचें म्हणून पुतण्या, वहिनी व मी तिघेंच निघालों, आणि त्याच घाटांत तोच प्रकार झाला, या खेपेस एक वळण अगदीं थोडक्यांत साधलें.

घरीं आल्यावर वहिनी म्हणाल्या, “भावोजी, गाडी विकून टाका. त्यांची आठवण म्हणून ठेवली आहे, ती कुणाचा जीव घ्यायला नव्हे.” मातुःश्रींनीं आपण पुढल्या वेळीं एस.टी.नें जाऊं म्हणून सांगून टाकलें. यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. मीं दोन रविवार मागून घेतले.

या घाटांत उतरणें म्हणजे काय, याचा हिशेब त्या रात्रीं मीं कागदावर मांडला. माणसें व सामान धरून गाडी २,२०० किलो आणि उतार ५०० मीटरांचा धरला, तर खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते ती सुमारें १ कोटि ८ लक्ष जूल. ती सगळी ब्रेकांनींच गिळली तर तेवढ्या उष्णतेनें चौतीस लिटर गार पाण्यास आधण येईल! जी कोयना आमच्या कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते, तिचेंच धरणांत अडवलेलें पाणी याच डोंगरांच्या पोटांतून पश्चिमेस सोडून पोफळीकडे वीज करतात व तें पुढें वाशिष्ठींत जातें. १,९६० मेगावॅटांचा कोयना प्रकल्प बहुतेक पाण्याच्या या उतरण्यावर उभा आहे. पाणी उतरतें त्याची वीज होते, गाडी उतरते तिची नुसती ऊब. ती ऊब चारी चाकांनीं वांटून घेऊन हवेंत सोडावी, आणि खालच्या गिअरांत इंजिनानें आपला हिस्सा उचलावा, अशी योजना असते. एकाच चाकाच्या वांट्यास भलताच भार आला म्हणजे काय होतें तें आम्हीं पाहिलें होतें.

पहिल्या रविवारीं सपाट अंगणांत गाडी घेतली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं डोकें घालूं नये, घोड्या द्याव्या आणि जमिनीवरच्या चाकांस दगड लावावे, हा नियम आमच्या घरीं संध्येइतका पाळतात. प्रथम नव्या मास्टर सिलिंडरची परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल चारपांच वेळां दाबलें, तें टणक झालें. तसेंच दाबून धरून इंजिन चालूं केलें, तेव्हां बोटभर खालीं गेलें. म्हणजे बूस्टर ठीक. आणखी मिनिटभर दाबून धरलें, तें पुढें सरकलें नाहीं. म्हणजे सिलिंडर ठीक. आणि काढून टाकलेला जुनाही बहुधा ठीकच असावा, कारण नवा घालून दुखणें हललें नव्हतें.

मग हवा काढणें. पुतण्या चाकापाशीं, सूनबाई पेडलवर, मी मध्यें आज्ञा देण्यास. दाबा, धरा, निपल सैल, निपल बंद, आतां सोडा. हा क्रम चुकला तर निघालेली हवा पुन्हां आंत जाते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचें चाक आधीं, म्हणून आमच्या गाडींत मागचें डावें, मग मागचें उजवें, नंतर पुढचीं त्याच क्रमानें. वरच्या डबींतलें ऑईल संपूं द्यावयाचें नाहीं, नाहींतर सर्व खटाटोप आरंभापासून. बुडबुडे फारसे आले नाहींत. ऑईल मात्र आलें तें काळ्या चहासारखें. चिपळुणास वरचें तेवढें नवें भरलें गेलें होतें. चाकांपाशीं सहा वर्षांचें जुनें तसेंच राहिलें होतें. देखरेख कोणाची हें वर सांगितलेंच आहे.

ब्रेक ऑईल हें मोठें तहानलेलें द्रव्य. हवेंतील ओल तें हळूहळू शोषून घेतें. डॉट ३ जातीचें कोरडें ऑईल २०५ अंशांच्या आंत उकळूं नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या ऑईलापुरता तोच दंडक १४० अंशांवर उतरतो. ऑईल उकळलें कीं वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ती दाबण्यांतच संपतो, चाकापर्यंत पोंचत नाहीं. निवल्यावर वाफेचें पुन्हां द्रव होतें, पेडल वर येतें, आणि कारागिरापुढें गाडी निर्दोष म्हणून उभी राहते. घाटांतला चोर गांवांत सांपडत नाहीं तो यामुळें.

“झालं काका, सांपडलं,” पुतण्या म्हणाला. मलाही तसें म्हणावयास आवडलें असतें. पण जुनें ऑईल चारी चाकांत, मग धूर एकाच चाकांतून कां? अन्वय जुळत होता, व्यतिरेक जुळत नव्हता. तेव्हां मला आठवलें कीं, ब्रेक सोडल्यावरही गाडी डावीकडे ओढते असें हा मुलगा दोन वर्षें सांगत होता, आणि “चाकांचं अलाइनमेंट करून घे” म्हणून मीं त्यास दोन्ही वेळां वाटेस लावलें होतें. मुलांच्या शंका अशा वाटेस लावण्याची संवय मास्तरांस फार लवकर लागते.

दुसऱ्या रविवारीं पुढचें डावें चाक उचललें. हातानें फिरवलें, फिरलें. पेडल दाबून सोडलें. चाक अडकून बसलें. उजवें चाक सोडतांच मोकळें. कॅलिपरच्या दोन पिनांपैकीं एक गंजून आंखडली होती. ती घासून, ब्रेकाचें खास ग्रीस लावून बसवली व विजयाचा चहा मागवला. चहा संपण्यापूर्वीं पुन्हां पाहिलें, तों चाक पुन्हां अडकलेलें! मग पिस्टनवर संशय. शिकंजा लावून तो मागें ढकलूं गेलों, हालेना. निपल उघडतांच मात्र सहज मागें गेला. म्हणजे पिस्टन मोकळा, परतणारें ऑईल कोठें तरी अडत होतें.

शेवटची परीक्षा अशी. पेडल दाबून सोडलें, चाक अडकलें. रबरी नळीच्या वरच्या अंगास लोखंडी पाईपचा जो सांधा आहे, तो प्रथम किंचित् सैल केला. चाक तसेंच. तो आवळून खालचें निपल उघडलें. बारीक चिळकांडी उडाली आणि चाक फिरूं लागलें. दाब नळीच्या खालीं कोंडला होता, वर नव्हता. दोष त्या वीतभर नळींत.

बाहेरून ती अगदीं धडधाकट, ना चीर ना ओल. सुरीनें उभी चिरली तेव्हां आंतलें रबर फुगून त्याची एक जीभ सुटलेली दिसली. पेडलचा जोर मोठा, त्यापुढें ती जीभ वाट देई; परतणाऱ्या ऑईलांत तेवढें बळ नाहीं, त्यास ती अडवी. त्यामुळें चाकास ब्रेक सारखा लागलेला, त्याची उष्णता, त्या उष्णतेनें पाणी मुरलेल्या ऑईलाची वाफ, आणि वाफेमुळें गेलेलें पेडल. गांवांत ब्रेक थोडे व अंतर थोडें. कोंडलेला दाब हळूहळू ओसरून जाई. नळी १६ वर्षांची. गाडीस इतकीं वर्षें झालीं म्हणजे या नळ्यांकडे कोणी बोट दाखवण्याची वाट पाहूं नये, हें मला तेव्हां कळलें.

पुढच्या दोन्ही नळ्या नव्या घातल्या, पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, बंद डब्यांतलें ताजें ऑईल भरून पुन्हां हवा काढली. ज्यांस हें वाचून अंगणांत प्रयोग करावासा वाटेल त्यांस एक सांगतों. सर्व झाल्यावर आम्हीं गल्लींतील एका वृद्ध फिटरास बोलावून सांधे दाखवले. त्यानें एक सांधा पाव फेरा आवळला. तो पाव फेरा आमच्या दोघांच्याही हातून सुटला होता. मग रिकामी गाडी आठवडाभर मोकळ्या मैदानांत व सपाट रस्त्यावर चालवली, आणि नंतरच पुतण्या व मी दोघेच एकदां घाट उतरून आलों.

माघांत पुन्हां गुहागरचा बेत ठरला. वहिनी येणार नव्हत्या. पण निघतांना पिशवी घेऊन आल्या आणि कांहीं न बोलतां मातुःश्रींच्या शेजारीं बसल्या. हेळवाक मागें टाकल्यावर, उतार लागण्यापूर्वींच, पुतण्यानें गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. पांगारे फुलले होते. कोंकणची उबदार हवा वळणावळणागणिक वर येत होती व दरींत ऊन इतकें स्वच्छ पडलें होतें कीं पोफळीचीं घरें मोजावीं. मला तें सर्व दिसत होतें, पण कान पेडलाकडे होते.

त्याच टपरीपाशीं गाडी थांबवली. चारी चाकांजवळ मीं हाताची पाठ नेऊन पाहिली. पुढचीं दोन्ही सारखींच गरम, मागचीं कोमट, वास नाहीं.

“काय भावोजी?” वहिनींनीं खिडकींतून विचारलें.

“सारखीं आहेत.”

मातुःश्रींचा जप चालूंच होता. टपरीवाल्यानें आम्हांस ओळखलें, आणि बादली आणूं का म्हणून हंसत विचारलें. मीं त्यास सहा चहा सांगितले.