शेवटच्या बाकावरचा इलेक्ट्रॉन

परवा नातीची दहावीची उजळणी चालली होती. आवर्तसारणीचा धडा. "आजी, तू नुसतं पुस्तक धर आणि मी बरोबर म्हणतेय का बघ," म्हणाली. मी मराठीची बाई, बी.ए. झालेली, तेव्हा पुस्तक धरणं एवढंच माझं काम! पण तिच्या तोंडचं एक वाक्य कानावर पडलं आणि मी थेट १९८४ सालात पोचले.

त्या वर्षी आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मध्येच नोकरी सोडून गेले आणि दोन महिने त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले. गण म्हणजे उभे स्तंभ, आवर्त म्हणजे आडव्या ओळी... फळ्यावर लिहून दिलं आणि पाढ्यांसारखं घोकून घेतलं. 'आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार लहान होत जातो' हेही त्यातलंच. एक मुलगा उठला. "बाई, पुढे पुढे इलेक्ट्रॉन वाढतात ना? मग अणू मोठा व्हायला पाहिजे. लहान कसा?"

"पुस्तकात दिलंय तसं लिही. परीक्षेत तेच विचारतात." हे माझं उत्तर.

नात झोपल्यावर तो धडा मी आयुष्यात पहिल्यांदा समजून घ्यायला म्हणून वाचला. सोडियम आणि क्लोरीन एकाच आवर्तातले, दोघांनाही तीनच कवचं. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन, क्लोरीनच्या १७. वाढलेले इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात बसतात, पण केंद्रकाची ओढ मात्र वाढलेली. म्हणून सगळेच आत खेचले जातात. सोडियमची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. जवळजवळ निम्मी!

मला आपला वर्गच दिसायला लागला. बाकं तेवढीच, मुलं थोडी वाढली, पण मास्तर कडक आला की सगळे सावरून पुढे सरकतात.

आणि गणात खाली गेलं की मागे एकेक नवा बाक. लिथियमला दोन, सोडियमला तीन, पोटॅशियमला चार. शेवटच्या बाकावर एकटाच बसलेला, मधल्या मुलांच्या आड लपलेला, मास्तरांची नजर तिथवर धड पोचत नाही. तो पळणारच! म्हणून सोडियमचा तुकडा पाण्यावर गोळी होऊन सैरावैरा धावतो आणि पोटॅशियम लगेच जांभळट ज्योतीने पेट घेतो. (दृष्टांत लंगडा आहे, ठाऊक आहे. इलेक्ट्रॉन काही बाकावर बसत नाहीत.)

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा पत्ताच नव्हता, तो १८९७ मध्ये सापडला. गुणधर्म पुन्हा पुन्हा का येतात हे मेंडेलीव्हला सांगता येत नव्हतं. पण जिथे मूलद्रव्य बसेना तिथे त्याने घर रिकामं ठेवलं. ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घराला नाव दिलं 'एका-ॲल्युमिनियम'. हा 'एक' आपल्या संस्कृतातला बरं का! मी इतकी वर्षं भाषा शिकवली आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ते मूलद्रव्य सापडलं, गॅलियम. शोधणाऱ्याने घनता ४.७ काढली. मेंडेलीव्हने कळवलं, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. आणि तशीच आली!

माहीत नसेल तर घर रिकामं ठेवायचं, "उद्या बघून सांगते" म्हणायचं, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही. शेजारच्याच वर्गात गणिताचे सर होते, त्यांना विचारता आलं असतं.

तो मुलगा आता पंचावन्नच्या घरात असेल. नाव आठवतं, गाव आठवतं, पुढे काय झालं ते माहीत नाही. पुन्हा प्रश्न विचारायला मात्र तो माझ्या तासाला कधी उठला नाही. सहामाहीत तोच प्रश्न आला होता. त्याने पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.