गुरुवारची टेकडी

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घ्यावा म्हणून औद्योगिक भागाला कधीकाळी हा वार मिळाला आणि तोच अंगवळणी पडला. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत बाप घरी असतो तेव्हा मुलं शाळेत असतात आणि मुलं घरी असतात तेव्हा बाप मशीनवर. त्यात पाळ्या फिरत्या. आमच्या मुलांना त्यांचे अब्बा दिसायचे ते बहुतेक झोपलेलेच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांना घरीच शिकवायला घेतलं. त्याला कारणं बरीच होती, त्यातलं एक हा गुरुवार. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. “पोरं चार जणांत कशी वावरतील? उद्या दाखला कोण देणार?” असं त्या विचारतात. दाखल्याचं उत्तर मला देता येतं. वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं. चार जणांत वावरण्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. रात्री वह्या तपासताना मलाही तीच शंका येते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी फज्रची नमाज झाल्यावर आम्ही चौघं निगडीच्या दुर्गा टेकडीवर निघालो. डब्यात चपाती आणि अंडाभुर्जी, थर्मासात चहा. मुलीच्या पिशवीत वही होती. मुलांच्या अब्बांनी कपाटातून मोजपट्टीचा टेप काढून खिशात टाकला. तो कशाला, हे तेव्हा मला कळलं नाही.

वाटेत पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर लागला. 1954 साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. आपल्या देशात पेनिसिलिन बनू लागलं ते इथे. पेनिसिलिन मुळात एका बुरशीपासून मिळतं, हे ऐकून धाकट्याने नाक मुरडलं. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असं आहे, आपल्या पिंपरीवरून ठेवलेलं. याच कंपनीतल्या संशोधकांनी त्याच्यापासून हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध मिळवलं. ज्या गावाचं नाव सगळे कारखान्यांमुळे घेतात, ते विज्ञानाच्या पुस्तकात मातीतल्या एका जिवामुळे गेलं आहे. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मुलांना पाठ होती. तो इलाज पायाखालच्या मातीतही असू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

अप्पूघराकडे हट्टाने वळणारी पावलं कशीबशी टेकडीकडे वळवली. ही टेकडी मूळची उजाड आणि मुरमाड. महापालिकेने झाडं लावून तिचं उद्यान केलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होती. चढावर ग्लिरिसिडिया गुलाबी फुलला होता. तो मध्य अमेरिकेतून आलेला, आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. पुढे कडुनिंब, बाभूळ आणि बोर.

मी झाडांची नावं सांगू लागले आणि मुलांचं लक्ष उडालं. तेव्हा त्यांच्या अब्बांनी खिशातून टेप काढला. ते कंपनीत तयार सुटे भाग तपासतात. “या कडुनिंबाचा घेर मोजा,” एवढंच म्हणाले. मुलीने मोजला, 112 सेंटिमीटर. धाकट्याने मोजला, 119. दोघं भांडू लागली. “कुणाचं बरोबर ते झाडालाच विचारा. टेप तिरका होता की सरळ? जमिनीपासून किती उंचीवर धरला? एक रीडिंग म्हणजे अंदाज. तीन रीडिंग घ्या, मग बोला.”

नवऱ्याला असं शिकवताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. ते दहावीनंतर आयटीआयला गेले. “अभ्यासाचं तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि इथे ते मुलीच्या वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता आखत होते: तारीख, झाड, घेर, पक्षी. अर्धा तास गप्प बसून दोघांनी पक्षी मोजले. ग्लिरिसिडियाच्या खान्यात दोन आले, बोराच्या खान्यात नऊ. “बाहेरून आणलेल्या झाडावर पक्षी कमी का?” मुलीने विचारलं. “एका दिवसात कळायचं नाही. पुढच्या गुरुवारी परत मोजू.”

मला इब्न अल-बैतार आठवले. तेराव्या शतकातला हा अंदलुसी विद्वान तरुणपणी आपल्या उस्तादांबरोबर सेव्हिलच्या आसपास वनस्पती गोळा करत हिंडला. पुढे उत्तर आफ्रिकेतून पूर्वेकडे प्रवास केला आणि सुमारे 1400 औषधी पदार्थांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला. पावसाने मेलेली जमीन जिवंत होते, तिकडे पाहा आणि विचार करा, असं कुरआन वारंवार सुचवतो. त्यातलं पाहणं आपण मुलांकडून किती करून घेतो?

डबा खाताना माथ्यावरून चाकणच्या बाजूला धुरकट पट्टा दिसत होता. “अब्बा, तुमची कंपनी तिकडे?” त्यांनी मान हलवली. जरा वेळाने मुलगी म्हणाली, “मला जूनपासून शाळेत जावंसं वाटतं. मैत्रिणी पाहिजेत.” मग लगेच, “पण मग गुरुवारी तुम्ही कुणाला आणणार?”

दोघंही काही बोललो नाही. कागद, शिल्लक राहिलेलं सगळं पिशवीत गोळा करून खाली उतरलो.

मुलांना घरीच शिकवा, असं मी कुणाला सांगणार नाही. आमच्या मुलीचं जूनमध्ये काय होईल, तेही ठरलेलं नाही. ती शाळेत गेली तर सुट्टीतले गुरुवार उरतील, तेवढे आम्ही धरून ठेवू, इन्शाअल्लाह. पण ज्या घरात बाप पाळ्यांवर जातो, तिथल्या बहिणींना एक सुचवते: त्याच्या हातात जे हुनर आहे, ते मुलांसमोर एकदा उघड्यावर येऊ द्या. सासूबाईंना वही दाखवली. त्या कडुनिंबाचे तिन्ही आकडे वाचून म्हणाल्या, “हे त्याने शिकवलं?” आणि वही बराच वेळ हातात धरून बसल्या.