बाटली, पाकीट आणि आईचे येसर

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आमची मुलगी पुण्याच्या वसतिगृहातून चार दिवस घरी आली. येताना तिने एक काचेची बाटली आणली. बाटलीत लालभडक, दाटसर असे काहीतरी होते. "बाबा, हा पास्त्याचा सॉस आहे. आज रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे," असे तिने जाहीर केले.

पास्ता हा गव्हाचाच पदार्थ. आपल्या शेवयांचा परदेशी भाऊबंद म्हणा. पाण्यात उकडायचा, कढईत थोडा लसूण परतायचा, वरून बाटलीतला सॉस ओतायचा, की झाले. अर्ध्या तासात पाच माणसांचे जेवण तयार. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने बोटावर सॉस घेऊन चाखला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "हे त टमाट्याचं येसर हाये गं. कालवलं का झालं."

आम्ही सगळे हसलो. पण आई बोलली त्यात खोटे काही नव्हते. मुलीने सांगितले की, इटलीच्या दक्षिण भागात आजही कितीतरी घरांत उन्हाळ्याच्या शेवटी वर्षभराचा टोमॅटोचा रस करून बाटल्यांत भरून ठेवतात. त्या दिवशी म्हातारे, तरुण, बायका, पुरुष सगळे अंगणात राबतात. कोणी टोमॅटो धुतो, कोणी गाळतो, कोणी चुलीवर बाटल्या उकळतो. "पुरुषसुद्धा?" माझ्या पत्नीने विचारले आणि माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला चांगलेच समजले. त्याचे कारण पुढे सांगतो.

आपल्या मराठवाड्यातील वाचकांना येसर सांगायला नको. कुठे त्याला येसूर म्हणतात, कुठे येसवार. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे हे जिन्नस वेगवेगळे भाजून दळायचे आणि त्यात काळा मसाला मिसळायचा. लसणाची फोडणी द्यायची, दोन चमचे येसर पाण्यात कालवून सोडायचे. मग ना वाटण लागते, ना खोबरे. आमचे मूळ गाव भोकरदन तालुक्यातले. तेथील पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात आज मिरचीच्या गाड्या भरतात. परंतु आई सांगते की, तिच्या सासुरवाशिणीच्या काळात लवंग-दालचिनी ही आमच्या वाड्यात मोजून वापरायची चीज होती. धान्य भाजून घातले की पातळ कालवणाला दाटपणा येई आणि एक भगुणे दहा माणसांना पुरे. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती. कामावर मिळालेली सुकडी लेकरांना आणि रात्री येसराचे पाणी भाकरीबरोबर मोठ्यांना, असा तो काळ गेला. म्हणून आमच्या घरी येसराची बरणी रिकामी राहिलेली आईला चालत नाही.

आता माझी गोष्ट. मी एका कचेरीत कारकून आहे. नोकरी सांभाळून वस्तीत थोडेफार सामाजिक काम करतो, त्यामुळे कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला उभे करतात. यंदाच्या जयंती सप्ताहात आमच्या विहारात महिला मंडळाचा आहार व आरोग्य या विषयावर कार्यक्रम झाला. मी तेथे चांगला पाऊण तास बोललो. पाकिटातील मसाला म्हणजे आळसाला आमंत्रण, आपल्या आया-आज्यांनी हाताने कुटून खाऊ घातले म्हणून आपण धडधाकट राहिलो, कंपन्यांच्या पुड्यांना घरात थारा देऊ नका, असे मी ठासून सांगितले. टाळ्याही पडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नीने मात्र टाळी वाजवली नाही.

घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, एक विचारू? लग्नाला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत तुम्ही मिरचीचे एक देठ तरी मोडले का?"

मला उत्तर देता आले नाही. कारण गेल्या वर्षीचा मे महिना आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. पत्नी अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर ती अंगणवाडीत, मी कचेरीत. सुनेवर भार नको म्हणून आईने एकटीनेच पत्र्याच्या खोलीत मिरच्या भाजायला घेतल्या. खार खोलीभर कोंडला. आईला दम्याचा जुना त्रास. शेजारच्या बाईने आवाज ऐकला म्हणून बरे. दवाखान्यात नेऊन आईला दोन दिवस वाफ द्यावी लागली. त्या दिवसापासून पत्नीने ठरवले होते की, यापुढे मसाला पाकिटाचाच आणायचा. आणि त्याच पाकिटाला मी भरसभेत आळस म्हणून आलो होतो.

तरी पुरुषाचा अहंकार सहजासहजी खाली बसत नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस, हिशेबाचा पेपर देऊन आलेला. वही काढली आणि ताळा मांडला. वर्षाला आम्हाला चार किलो मसाला लागतो. दुकानातून घेतला तर २,८०० रुपये. घरी केला तर मिरची, धने, खोबरे, खडा मसाला, गिरणीचे कांडप आणि रिक्षाभाडे धरून १,८०० रुपये. निव्वळ बचत १,००० रुपये. वही पत्नीपुढे सरकवली. तिने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "यात मजुरीचा रकाना कुठे आहे?"

बंधू-भगिनींनो, वीस वर्षे मी कचेरीत बिले तपासतो आहे. मजुरीचा रकाना कोरा असलेले बिल मी एकदाही पास केलेले नाही. पण घरच्या बिलात तो रकाना मला दिसला नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून तास मोजले. देठ मोडणे, निवडणे, तीन दिवस ऊन दाखवणे, भाजणे, गिरणीसमोर रांगेत बसणे, चाळणे, बरणीत भरणे. चोवीस तास भरले, म्हणजे तीन रोज. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने तीन रोजांचे ८९१ रुपये झाले. एक हजारातून ते वजा जाता उरले १०९ रुपये. माझ्या पाऊण तासाच्या भाषणाची किंमत एवढीच निघाली, आणि त्यात दवाखान्याचा खर्च धरलेला नाही.

म्हणजे पाकीट चांगले आणि घरचे वाईट, असे मला म्हणायचे आहे का? तसेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने भारतातील दोन मोठ्या कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलिन ऑक्साइड सापडल्याचे सांगून त्यांची विक्री थांबवायला लावली. सिंगापूरनेही एक मसाला परत मागवायला लावला. जंतू मारण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन कर्करोगाला कारण होऊ शकते. तेव्हा नाव मोठे म्हणून डोळे झाकून घ्यावे, असे पाकीटही नाही. परंतु घरचे म्हणजे आपोआप शुद्ध, हेही खरे नव्हे. ओलसर मिरची तशीच दळली तर बुरशीचे विष सगळ्या बरणीत उतरते. सुटी लाल पूड घेतली असेल तर पेल्यातल्या पाण्यावर चमचाभर सोडून पाहावी. रंगाच्या रेघा सरसर खाली उतरू लागल्या तर वरून रंग घातला आहे असे समजावे. विटेची पूड किंवा वाळू असेल तर ती तळाशी बसते.

मुलीने मला बाटलीवरची बारीक अक्षरेही वाचायला शिकवले. त्यात घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले. मसाल्याच्या पाकिटावर मीठ पहिल्या दोन-तीन नावांत आले तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेतो आहोत. सॉसच्या बाटलीवर साखर कितव्या क्रमांकावर आहे, तेही पाहावे. २११ हा आकडा दिसला तर ते सोडियम बेंझोएट, म्हणजे टिकाऊपणासाठी घातलेले रसायन. आपल्या लेकरांना वाचता येते. किराणा आणायला पाठवताना त्यांच्याकडून एवढे वाचून घ्यावे.

स्वयंपाकघरात काय येऊ द्यावे आणि काय नाही, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, त्यात मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका असे सांगितले. आपल्या आज्यांनी अर्धपोटी राहून ते पाळले. तो निर्णय मानाचा होता. माझ्या भाषणात बाईच्या मानाचा विचार कुठे होता, हे मी त्या रात्री पुष्कळ वेळ शोधत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी दोन दिवसांची रजा टाकली. अंगणात लिंबाखाली चूल मांडली, नाकाला ओला फडका बांधला आणि भाजायला बसलो. आईला वाऱ्याच्या उलट्या बाजूला लांब खाटेवर बसवले. तिने तेथून बोलायचे, मी करायचे, मुलीने वहीत लिहायचे. धन्यांची पहिली कढई मी करपवली. मी आपला म्हणतो, काळाच मसाला आहे, चालेल. आई खाटेवरून ओरडली, "आरं, करपलं म्हंजी काळा मसाला नव्हं! फेक ते. कडू व्हईल." अर्धा किलो धने गेले. दुपारपर्यंत डोळे सुजले, बोटांची आग थांबेना. संध्याकाळी गिरणीवर गेलो तर रांगेत चौदा बायका आणि पुरुष मी एकटा. एका मावशींनी विचारलेच, "कामून भाऊ, वहिनी आजारी हायेत का?"

आईला लिहिता-वाचता येत नाही. तिचे माप ओंजळीचे. किती बाजरी, तर चार ओंजळी. मुलीने शेजारून तराजू आणला. आजीची एक ओंजळ बाजरी १५० ग्रॅम भरली आणि धने ७० ग्रॅम. मुलगी लिहीत होती, आई पुन्हा पुन्हा ओंजळ भरून देत होती. तिच्या हाताची नस अन् नस दिसत होती. आई गेल्यावर हे माप कोठे शोधले असते, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तोंड वळवून चुलीत लाकूड सारले. पाकीट कोणत्याही दुकानात मिळेल, ही ओंजळ मिळणार नाही. म्हणून वाचकांना माझी पहिली विनंती अशी की, मसाला घरी करा अथवा करू नका, पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे माप आजच लिहून घ्या.

दुसरी विनंती पुरुषांना. माझे भाषण संपल्यावर गल्लीतील एक भगिनी मला म्हणाली होती, "भाऊ, तुम्ही सांगता ते पटतं. पण एप्रिलात एकदम दोन हजार कुठून आणू? पाच रुपयाची पुडी आणली का सांजच्या कालवणाचं भागतं." तिचा नवरा औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे. तिला आळशी म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? रोज पुडी घेणाऱ्याला वर्षाचा मसाला सर्वांत महाग पडतो, आणि तो पडतो गरिबालाच. म्हणून आम्ही मसाल्याची भिशी ठरवली आहे. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला ७५ रुपये, चोवीस आठवड्यांचे १,८००. जयंतीनंतर सर्वांचा माल एकदम घ्यायचा. सहा घरांनी नावे दिली आहेत. अट एकच आहे. प्रत्येक घरातून एक पुरुष भाजायला आणि गिरणीवर यायलाच पाहिजे. ज्याला हे जमणार नाही त्याने पाकीट आणावे, मागची अक्षरे वाचून आणावे, आणि बायकोला त्यावरून बोल लावू नये.

मुलगी पुण्याला परत निघाली तेव्हा ती सॉसची बाटली रिकामी झाली होती. पत्नीने ती उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवली, तिच्यात येसर भरले आणि वर हिंगाचा खडा ठेवला. झाकण मी लावले. आई म्हणाली, "वसतिगृहात कोणी इचारलं त सांग, बापानं केलंय. थोडं करपट लागंल."

पुढच्या वर्षी करपट लागणार नाही, असा माझा प्रयत्न राहील.

जयभीम!