शंभरांत एक

आपला हात आपल्यासाठीं किती मुकाट्यानें राबत असतो, हें तो दुखावल्यावांचून ध्यानांत येत नाहीं. मग ज्याचें पोटच हातावर, त्याची गोष्ट काय विचारावी! अमेरिकेंतील बेसबॉलपटु टॉमी जॉन हा अक्षरशः हातावर पोट असलेला मनुष्य. त्याची हकीकत आमच्या क्रिकेटवेड्या वाचकबंधूंसही विचार करावयास लावील, अशा समजुतीनें ती येथें थोडक्यांत देत आहों.

बेसबॉलमध्यें फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाप्रमाणें तो दुरून धांवत येत नाहीं, कीं चेंडूचा टप्पाही पाडीत नाहीं. एका जागीं उभा राहून, कोपर वांकवून, तो चेंडू सर्व बळानें फेंकतो. असें वारंवार केल्यानें कोपराच्या आंतल्या अंगाच्या अस्थिबंधावर फार मोठा ताण पडतो. हा अस्थिबंध म्हणजे दंडाचें व हाताचें हाड एकत्र धरून ठेवणारी चिवट दोरी. ती तुटली म्हणजे पिचरचा खेळ संपला, असेंच १९७४ पर्यंत समजलें जाई.

टॉमी जॉनचा जन्म १९४३ सालचा. १९६३ पासून तो वरिष्ठ सामन्यांत खेळूं लागला. १७ जुलै १९७४ रोजीं लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून खेळत असतां त्याच्या डाव्या कोपराचा हा बंध तुटला. त्या हंगामांत तोंवर त्याच्या नांवावर १३ विजय व अवघे ३ पराभव होते. तेव्हां डॉ. फ्रँक जोब यांनीं एक नवीच युक्ति काढली. उजव्या मनगटाजवळची एक कंडरा काढून घ्यावी, डाव्या कोपराच्या हाडांस भोकें पाडावीं आणि ती कंडरा त्यांतून ओवून नवा बंध बांधावा! ही कंडरा कित्येकांच्या हातांत जन्मतःच नसते; तिच्यावांचून कांहीं अडत नाहीं. पण यशाचा संभव शंभरांत एक, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं शस्त्रक्रिया झाली.

यश लगेच आलें नाहीं. मज्जातंतूस इजा पोंचून बोटें आंखडलीं. डिसेंबरांत पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संबंध हंगाम बाहेर बसून गेला. १९७६ मध्यें तो परतला व त्यानें १० सामने जिंकले. १९७७ मध्यें २०. एका हंगामांत वीस विजय त्यास धडधाकट हातानें कधींच साधले नव्हते! १९८९ सालीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तो निवृत्त झाला, तेव्हां त्याचे एकूण विजय २८८ होते. पैकीं १६४ शस्त्रक्रियेनंतरचे.

ही हकीकत आमच्या वाचनांत आली, त्या वेळीं आमच्याही उजव्या मनगटास प्लास्टर होतें. शाळेच्या संघांतील आमची जागा दुसऱ्यास मिळाली होती, व भेटेल तो 'प्रयत्नांतीं परमेश्वर' असें सांगून धीर देत होता. आम्हांस मात्र दुसऱ्याच एका पिचरची आठवण होई. त्याच डॉजर्स संघांतील सँडी कोफॅक्स यानें १९६६ मध्यें २७ सामने जिंकले आणि त्याच वर्षाअखेर, वयाच्या अवघ्या ३० व्या वर्षीं, डाव्या कोपराच्या संधिवातामुळें खेळ सोडला. त्याच्या अंगीं धैर्य कमी होतें काय? मुळींच नाहीं. त्याच्या दुखण्यावर त्या काळीं उपाय नव्हता, इतकेंच. तेव्हां जो परत येऊं शकला नाहीं, त्यानें प्रयत्नच केला नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होय.

मग टॉमी जॉनपासून शिकावयाचें तें काय? आमच्या मतें, १९७५ चें वर्ष. डॉक्टरांची विद्या त्याच्या हातची नव्हती, दैव तर कोणाच्याच हातचें नाहीं. पण आंखडलेलीं बोटें पुनः चेंडूवर बसविण्याचें काम सर्वस्वीं त्याचें होतें. फळ मिळेल असें कोणीं लिहून दिलें नसतांही तें त्यानें केलें. विजय १९७७ त मोजले गेले. ते मिळविले मात्र ज्या वर्षीं एकही सामना नव्हता, त्या वर्षीं.

आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नांवानें ओळखली जाते. शेंकडों पिचर तिच्यामुळें मैदानावर परतले. दुर्दैवानें आतां कोंवळ्या वयाच्या मुलांवरही ती करावी लागते, आणि तिच्यायोगें हात पूर्वींपेक्षां बळकट होतो, असा खुळा समज कित्येकांत पसरला आहे. वाढत्या हाडांस विश्रांति हवी, हें डॉक्टर वारंवार बजावीत असतात. आमच्या गोलंदाज मित्रांनीं हें विसरूं नये. दुखणें लपविणें म्हणजे शौर्य नव्हे. हात दुखूं लागला तर त्याच दिवशीं सांगावें, सांगितलेले दिवस स्वस्थ बसावें, आणि उठावयाची वेळ आली म्हणजे न कंटाळतां पहिल्या चेंडूपासून आरंभ करावा. शंभरांत एक कोण ठरेल, हें आधीं कोणासच कळत नाहीं.