दुसरे कोकरू



चाळीस वर्षे मी कीर्तनात एक दृष्टांत देत आलो. शेकडो मेंढरांच्या कळपातही आई आपले कोकरू वासावरून ओळखते, त्याला टाकत नाही. तशीच आपली विठाई. आयाबाया डोळ्यांना पदर लावायच्या. दृष्टांत खोटा नव्हता, पण अर्धा होता, हे मला कीर्तन थांबल्यावर कळले.

आमच्या गगनबावड्याच्या पावसात मेंढरू टिकत नाही. भात निघाले, जमिनी वाळल्या, की पूर्वेकडचे धनगर येतात आणि शेतात बकरी बसवतात. (कोल्हापुराकडे मेंढीला बकरीच म्हणतात.) एका मार्गशीर्षात आमच्या रानात वाडा उतरला होता. संध्याकाळी एक मेंढी व्यायली, जुळे झाले. मी हात जोडून म्हणालो, "पांडुरंगाची कृपा, एकाला दोन दिली." सकाळी धाकटे ताठ पडलेले होते. थोरले आईला लुचत होते.

"आई विसरली की काय त्याला?" मी विचारले.

वाड्यातली म्हातारी म्हणाली, "इसरली न्हाई, म्हाराज. तिला दुसरं कळलंच न्हाई. पयल्याला चाटत ती फुडं गेली, आन् ह्ये मागं पडलं. राती आमचा डोळा लागला, ह्यो आमचा गुना."

मेंढी कोकराला चाटते तेव्हाच त्याचा वास मनात धरते. त्या दोन-चार तासांत जे जवळ नव्हते, ते तिच्या लेखी परके. नंतर सडाला आले तर ती ढुशी मारते.

तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, ते आपण डोळे भरून पाहतो. त्यातल्या मेंढीचे बाळंतपण किती जणांनी पाहिले असेल? मीही पाहिले नव्हते.

आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. माऊलींची पालखी जिथे मुक्काम करते त्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे बंगालच्या सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवला आणि त्या मेंढीला 'नारी सुवर्णा' म्हटले. काम मोठेच. पण जुळे जन्मणे वेगळे आणि दोन्ही जगणे वेगळे.

म्हातारीने सगळे सांगितले. मेंढी पाच महिने गाभण असते. पोटातले कोकरू खरे वाढते ते शेवटच्या दीड महिन्यात. दोन असली की पोटात वैरणीलाच जागा उरत नाही, आणि भूक तर दोघांची. म्हणून तेव्हा मूठभर मका, पेंड असे थोड्यात ताकद देणारे घालायचे. नाहीतर मेंढी अंगची चरबी जाळते, खाणे सोडते, आंधळ्यासारखी एकटी उभी राहते. आईही जाते, पोटातलीही जातात. व्याल्यावर तोंड पुसायचे, अंग कोरडे करायचे, नाळेला आयोडीन लावायचे. पहिल्या तासा-दोन तासांत दोघांच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, आणि आधी अशक्ताच्या. दांडगे आपले आपण पिते. मग आई आणि दोन्ही कोकरे दोन-तीन दिवस वाघरीच्या कोपऱ्यात, कळपापासून निराळी.

कृपा म्हणून मी हात जोडून घरी गेलो होतो. माझ्या गोठ्यात कोरडा पेंढा होता, घरात कंदील होता. मागितले असते तर दिले असते. पण त्यांनी मागितले नाही, मी विचारले नाही.

चार दिवसांनी रात्री म्हातारीने हाक मारली. दुसरी मेंढी अडली होती, पोट जुळ्याचे. मी पेंढ्याचा भारा आणि बॅटरी घेऊन गेलो. पहिले आले. म्हातारीने मेंढीला गुडघ्याशी दाबून धरले, पुढे सरकू दिले नाही. दुसरे आले, लहानसे, ओले, हलत नव्हते. तिने त्याच्या नाकात गवताची काडी फिरवली. ते शिंकले. मग पहिल्याच्या अंगावरचा ओलावा हाताने त्याला चोळला आणि त्याला आईच्या तोंडापुढे ठेवले.

मेंढीने हुंगले. बराच वेळ हुंगले. बॅटरी धरलेला माझा हात थरथरत होता.

"उजेड हलवू नगा, म्हाराज," म्हातारी म्हणाली.

मग मेंढी त्याला चाटू लागली.