दहा कोयते

राणीसावरगावात रेणुकामातेचं नवरात्र उठलं की दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. लहानपणी पारावर ऐकलेलं एक वाक्य अजून कानात आहे : ‘मुकादमानं दहा कोयते ठरवले.’ मला वाटलं, बाजारातून कोयते आणायचे असतील. मग कळलं, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. उचल मिळते तीही कोयत्यामागे.

पुढे कॉलेजात मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तलं लक्षणेचं उदाहरण शिकलो : गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वस्ती कशी असेल? म्हणून ‘गंगा’ म्हणजे गंगेचा काठ. मला हसू आलं. आमच्या तालुक्याचं गाव गंगाखेड. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जे शास्त्र मी पाठ करत होतो, ते रोज एसटीच्या पाटीवर वाचत आलो होतो.

पण मम्मट तिथं थांबत नाही. सरळ ‘काठ’ का म्हटलं नाही, हे तो विचारतो. कारण ‘गंगा’ म्हटलं की तिचा गारवा आणि तिचं पावित्र्य वस्तीपर्यंत येतं. ती व्यंजना. हाच प्रश्न मी कोयत्याला विचारला आणि गप्प झालो. ‘जोडपं’ न म्हणता ‘कोयता’ म्हटलं की माणसांबरोबर काय येतं? धार येते, मोजदाद येते. नावं मात्र गळतात.

गंगाखेड हे जनाबाईंचं जन्मगाव. विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो, असे त्यांचे अभंग. ‘जातं म्हणजे संसार, दळण म्हणजे अहंकाराचं पीठ’ असं मी परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले. आज मला ते उत्तर चुकीचं वाटतं. जनाबाई खरोखर दळत होत्या. नामदेवांच्या घरचं काम त्यांच्या अंगावर होतं. जात्याचं नुसतं प्रतीक केलं, तर त्यांचे दुखरे खांदे पुसले जातात, आणि ते पुसले की विठ्ठलानं खुंट्याला हात लावण्यात काही उरत नाही. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त हे नीट सांगितलं आहे : उजेड हवा असलेला माणूस आधी दिव्याची ज्योत सांभाळतो. तसा ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, हवा असेल त्यानं आधी शब्दाचा सरळ अर्थ सांभाळावा. आपण मुलांना अलंकार ओळखायला शिकवतो, ज्योत सांभाळायला शिकवत नाही, आणि हे मला फार खुपतं.

यंदाही पारावर कुणीतरी म्हणेल, दहा कोयते गेले. ती वीस माणसं असतात. सोबतची लेकरं त्यात धरलेली नसतात.