स्वतःच काढलेली प्रश्नपत्रिका

परीक्षा घेणे हा माझा पोटापाण्याचाच उद्योग. परीक्षा जवळ आली की मुले 'सर, महत्त्वाचे प्रश्न सांगा ना' म्हणून मागे लागतात. त्यामुळे माझ्या भाचीने पियानोच्या पदविकेचे नियम माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मी ते चष्मा पुसून पुन्हा वाचले. या परीक्षेत प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यानेच काढायची होती!

लंडनच्या मंडळाची ही एआरएसएम पदविका. आठवी श्रेणी उत्तीर्ण झालेल्याने ३० मिनिटांचा कार्यक्रम जुळवायचा. त्यातली २० मिनिटे तरी मंडळाच्या यादीतली हवीत. उरलेली आपल्या मर्जीची, पण आठव्या श्रेणीहून सोपी नकोत. वादन चित्रित करून पाठवले तर ते सलग हवे, मध्ये कापाकाप नाही. आणि गंमत म्हणजे दोन रचनांमधली शांतताही त्या ३० मिनिटांतच धरतात.

भाची दिवसभर बँकेत असते. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मालिका सुरू होण्याआधी तिला तासभर मिळतो. पियानो जुना. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. म्हणून आत एक दिवा जळत ठेवावा लागतो. असे हे राज्य!

तिने पहिली यादी केली ती बाखची सी मायनरमधली जोडी, बेथोवेनचा पाथेटिक सोनाटा आणि शेवटी शोपँचा जी मायनर बॅलड. बॅलड तिच्या मनात बाराव्या वर्षापासून होते. किंबहुना सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता.

तिच्या शिक्षिका मूळच्या मडगावच्या, आता वांद्र्याला असतात. आम्ही सगळे त्यांना मिसच म्हणतो. त्यांनी यादी पाहिली आणि विचारले, "तीनही वादळंच का गं?" बाख सी मायनर, लगेच सोनाटाही सी मायनर. बाख बदलला. त्याच्या १७२२ सालच्या पहिल्या पुस्तकातली डी मेजरची जोडी आली. त्यातला उजव्या हाताचा अखंड धावता प्रवेश थंड बोटांना ऊब देतो; मात्र हात कापत असेल तर तेही लपवत नाही.

सोनाटा राहिला. १७९९ साली तो छापला गेला तेव्हा बेथोवेन तिशीच्या आतलाच होता, भाचीच्याच वयाचा. अठरा मिनिटे तो एकटाच खातो.

भांडण झाले ते बॅलडवरून. तीन, अठरा आणि साडेनऊ. घड्याळात सगळे जवळजवळ बसत होते. हातात बसत नव्हते. बॅलडचा सगळ्यांत अवघड भाग अगदी शेवटी, म्हणजे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या पुढे येतो. तोवर मनगट दगडासारखे झालेले असते. चार रविवार तिने सगळा कार्यक्रम सलग वाजवला. चारही वेळा शेवटच्या पानावर सूर सांडले. त्या भागाची एकट्याने तयारी केली की तो सफाईने येई, म्हणूनच तिला जास्त राग येई.

"मामा, तू कादंबरीतून आवडतं प्रकरण काढशील?"

"प्रकाशक काढतो," मी म्हणालो. तिला हसू आले नाही.

पाचव्या रविवारी तिने स्वतःच यादीवर रेघ मारली आणि ब्राह्म्सचे ए मेजरमधले इंटरमेझो लिहिले. सहा मिनिटांची रचना, १८९३ साली छापलेली, ब्राह्म्सच्या साठीतली. वादळानंतर कुणी दार हळूच उघडावे तशी ती सुरू होते. मला मनापासून वाटते, कार्यक्रम आता अधिक चांगला झाला. भाचीला अजून तसे वाटत नाही.

सोनाटा संपल्यावर हात मांडीवर किती वेळ ठेवायचे, यावर मात्र रोज वाद चालतो. मिस पंधरा सेकंद म्हणतात, भाची पंचवीस मागते. मला हातात घड्याळ देऊन बसवले आहे.